त्रेंतिनो व्हॉली: दोनदा रिकामा झालेला आणि दोनदा भरलेला क्लब

जाळीपलीकडे

१ मे २०२१. वेरोनात पुरुषांच्या व्हॉलीबॉलच्या चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना होता आणि मी घरात लॅपटॉपसमोर बसलो होतो. पोलंडच्या झाक्सानं इटलीच्या त्रेंतिनो व्हॉलीला ३-१ असं हरवलं. हरण्याचं दुःख होतंच, पण त्याहून जास्त लागलं ते समोरच्या बाकावरचा माणूस बघून. झाक्साचा कोच निकोला ग्रबिच. त्रेंतोनं २००८ मध्ये पहिल्यांदा इटलीची लीग जिंकली तेव्हा सेटर, म्हणजे इतरांना मारायला चेंडू वाढवून देणारा, हाच होता. २००९ मध्ये प्रागला ग्रीसच्या इराक्लिसला हरवून पहिली चॅम्पियन्स लीग जिंकली, तेव्हाही चेंडू याच्याच बोटांतून जात होता. मग तो कुनेओला गेला आणि २०१० च्या लीग फायनलमध्ये कुनेओनं हरवलं कुणाला, तर त्रेंतोला. अकरा वर्षांनी पुन्हा तोच, फक्त आता ट्रॅकसूटमध्ये.

त्या रात्री ठरवलं होतं की या क्लबवर मराठीत नीट लिहायचं. चार वर्षं गेली. आज लिहितोय.

त्रेंतो हे उत्तर इटलीतलं, आल्प्सच्या दरीत अदिजे नदीकाठी वसलेलं गाव. गावच म्हणतो, कारण वस्ती सव्वा लाखाच्याही आत. आजूबाजूला सफरचंदाच्या बागा आणि डोंगर. हा क्लब २००० साली दिएगो मोस्ना या उद्योजकानं उभा केला. पहिली सात वर्षं सांगण्यासारखं फारसं काही घडलं नाही. २००७ मध्ये बल्गेरियाचा रादोस्तिन स्तोयचेव्ह कोच म्हणून आला, त्याच उन्हाळ्यात ग्रबिच आणि बल्गेरियाचाच मातेय काझीस्की आला. काझीस्की तेव्हा बावीस वर्षांचा होता. आणि पहिल्याच हंगामात स्कुदेत्तो, म्हणजे इटलीचं लीग विजेतेपद.

पुढची पाच वर्षं ज्यांनी बघितली ते भाग्यवान. चॅम्पियन्स लीग सलग तीनदा: २००९ प्राग, २०१० वूचमध्ये डायनॅमो मॉस्को ३-०, २०११ बोल्झानोत झेनित कझान ३-१. बोल्झानो त्रेंतोपासून तासाभराच्या आत, म्हणजे घरच्या अंगणातच. क्लबांची जागतिक स्पर्धा सलग चारदा, २००९ ते २०१२, चारही दोहामध्ये. ग्रबिचनंतर ब्राझीलचा राफाएल सेटर झाला. क्यूबात जन्मलेला ओस्मानी हुआंतोरेना आणि काझीस्की दोन्ही बाजूंनी मारायचे. मधे बिरारेल्ली ब्लॉकला, उजवीकडे चेक यान श्टोकर, मागे लिबेरो, म्हणजे फक्त चेंडू घेणारा आणि उचलणारा, आंद्रेआ बारी. एवढी सलग सत्ता त्या काळात युरोपात दुसऱ्या कुणाची नव्हती.

पण मला या क्लबबद्दल जे सांगायचंय ते या कपांचं नाही. पैसा असला की अशी टीम जमवता येते, आणि पैसा आटला की ती जाते. २०१३ मध्ये नेमकं तेच झालं. पियाचेन्झाला पाच सामन्यांच्या मालिकेत ३-२ हरवून तिसरा स्कुदेत्तो घेतला आणि त्याच उन्हाळ्यात बजेट कापलं गेलं. काझीस्की, हुआंतोरेना, राफाएल, सगळे तुर्कस्तानच्या हाल्कबँकेत. स्तोयचेव्हही गेला. एका महिन्यात घर रिकामं.

मला वाटलं, संपला क्लब. इटलीत असे कितीतरी संपलेत.

दोन वर्षांत, २०१५ मध्ये, त्रेंतो परत विजेता. स्तोयचेव्ह परतला होता, काझीस्की परतला होता, पण त्या फायनलमध्ये मोदेनासमोर चेंडू वाटत होता एक अठरा वर्षांचा पोरगा, सिमोने जान्नेल्ली. जन्म बोल्झानोचा, वाढलेला त्रेंतोच्याच युवा संघात. हंगामाच्या उत्तरार्धात पोलंडचा अनुभवी झिगाद्वो बाजूला झाला आणि या पोराच्या हातात टीम दिली गेली. डावीकडून मारणारा फिलिप्पो लांझाही क्लबच्याच मुशीतला. जान्नेल्लीची सेटरची जागा म्हणजे आपल्याकडे लिफ्टर म्हणतात तीच, आणि लिफ्टर कच्चा असेल तर बाकी पाच कितीही भारी असोत, उपयोग शून्य. अठरा वर्षांच्या मुलावर ती जागा सोपवायला काळीज लागतं.

पुढच्याच वर्षी रिओ ऑलिंपिकमध्ये इटलीनं रौप्य जिंकलं. त्या संघात जान्नेल्ली, लांझा, लिबेरो कोलाची, कर्णधार बिरारेल्ली आणि तोवर इटलीचा झालेला हुआंतोरेना. अर्धा संघ या एका छोट्या गावातून गेलेला.

दुसऱ्यांदा घर रिकामं झालं २०२१ मध्ये, त्या वेरोनाच्या पराभवानंतर. जान्नेल्ली पेरूजाला, डचमन निमिर अब्देल-अझीझ मोदेनाला, ब्राझीलचा लुकारेल्ली लुबेला, सगळे इटलीतल्याच दुसऱ्या क्लबांत. तेव्हा क्लबनं जे केलं ते मला या सगळ्या इतिहासातलं सर्वांत धाडसी वाटतं. एकोणीस वर्षांचा अलेस्सान्द्रो मिकिएलेत्तो हाताशी होता. त्याचे वडील रिक्कार्दो क्लबचेच टीम मॅनेजर, म्हणजे पोरगा याच हॉलमध्ये चेंडू गोळा करत मोठा झालेला. त्याच्या जोडीला मोदेनाहून दानिएले लाविया, मिलानोहून सेटर रिक्कार्दो स्बेर्तोली. आणि या पोरांमध्ये दुसऱ्यांदा परत आणला कुणाला? सदतिशीच्या उंबरठ्यावरच्या काझीस्कीला.

त्याच हंगामात सुपरकप. २०२२ ची चॅम्पियन्स लीग फायनल पुन्हा झाक्साकडून हरले, यावेळी ल्युब्लियानात ३-० असा सपाट पराभव. २०२३ मध्ये लुबेला पाचव्या सामन्यात हरवून स्कुदेत्तो. ५ मे २०२४ ला अंताल्यात पोलंडच्याच यास्त्शेंब्स्की वेंगिएलला ३-० हरवून चौथी चॅम्पियन्स लीग, तेरा वर्षांनी. २०२५ मध्ये पुन्हा लुबेला मालिकेत ३-१ आणि सहावा स्कुदेत्तो.

बाकीच्यांनी भर घालावी. चुकलं असेल तर सांगावं.

---

पिंपळपार

सुंदर लिहिलंय. एका गोष्टीवर मात्र आक्षेप नोंदवतो. "उभा केला" म्हणताना ते शून्यातून नव्हतं. त्रेंतोनं २००० साली रावेन्नाच्या क्लबचे हक्क घेतले आणि थेट पहिल्या श्रेणीत उतरले. रावेन्ना म्हणजे साधं नाव नाही. कार्च किराय आणि स्टीव्ह टिमन्स ही अमेरिकेची ऑलिंपिक सुवर्णविजेती जोडी तिथे खेळली, १९९१ चा स्कुदेत्तो आणि त्याच वर्षीचं क्लब विश्वविजेतेपद त्यांचं. रावेन्नाच्या लोकांनी आपला संघ डोंगरात जाताना बघितला, त्यांच्या बाजूनंही हा इतिहास वाचायला हवा.

---

जाळीपलीकडे

@पिंपळपार, मान्य. ही गोष्ट मी गाळायला नको होती. खालच्या श्रेणीतून चढत येण्याची दहा वर्षं त्रेंतोनं वाचवली ती रावेन्नाच्या जिवावर. इटलीत हे सर्रास चालतं आणि ज्या गावाची टीम जाते त्यांना ते कायम सलतं. मी रावेन्नाचा असतो तर त्रेंतोवर हा धागा काढला नसता.

---

आल्प्सकर

मी नोकरीनिमित्त काही वर्षं त्या भागात होतो. त्रेंतोचा हॉल शहराच्या दक्षिणेला आहे. जुने लोक अजून पालात्रेंतोच म्हणतात, प्रायोजकांप्रमाणे पाटी बदलत राहते. चारेक हजार माणसं मावतात, त्यामुळे कुठेही बसलात तरी खेळाडूंच्या बुटांचा आवाज ऐकू येतो.

पहिल्यांदा गेलो तेव्हा सामन्याच्या तासभर आधी पोचलो होतो. बेसलाइनच्या मागे अगदी खालच्या रांगेत बसलो. सरावात काझीस्की सर्व्हिस करत होता. टीव्हीवर दिसतं ते काहीच नाही हो. चेंडू उंच फेकायचा, तीन-चार पावलं, उडी, आणि मग आवाज दोनदा यायचा. एक हाताचा, आणि लगेच पलीकडच्या फरशीचा. मधे काही दिसायचंच नाही. माझ्या शेजारी एक आजी बसल्या होत्या, मांडीवर नातू. प्रत्येक सर्व्हिसला त्या पोराच्या कानावर हात ठेवायच्या आणि तो हात बाजूला करायचा.

सामना संपल्यावर खेळाडू लगेच आत जात नाहीत. मुलं कठड्याशी येतात आणि हे साडेसहा फुटी लोक वाकून एकेकाशी बोलत उभे राहतात. दुसऱ्या दिवशी तेच लोक चौकात कॉफी पिताना दिसायचे आणि कुणी त्रास द्यायचं नाही. गाव छोटं असण्याचा हा फायदा.

---

शीतल_र

मला व्हॉलीबॉलमधलं फार कळत नाही, पण कॉलेजात खेळलेय. एक प्रश्न. काझीस्की इतक्या उशिरा परत आला तेव्हा त्याला कुठे खेळवलं? डावीकडे तर मिकिएलेत्तो आणि लाविया दोघंही होते ना?

---

जाळीपलीकडे

@शीतल_र, हाच तर गंमतीचा भाग. जरा सविस्तर लिहितो.

नेहमीची रचना अशी असते की सेटरच्या कर्णावर, म्हणजे फिरतीत त्याच्या बरोबर समोरच्या जागी, एक ऑपोझिट असतो. तो सर्व्हिस घेत नाही. त्याचं काम फक्त मारणं, पुढून आणि मागून. सहसा टीममधला सर्वांत मोठा हातोडा तोच असतो, आणि पगारही बहुधा त्याचाच मोठा. निमिर त्रेंतोत असताना तेच करायचा.

२०२१-२२ मध्ये कोच आंजेलो लोरेन्झेत्तीनं हंगाम चालू असताना ही रचनाच मोडली. नेहमीचा ऑपोझिट काढून त्या जागी काझीस्कीला घातलं. म्हणजे मैदानात तीन असे खेळाडू, ज्यांना घ्यायलाही येतं आणि मारायलाही. प्रतिस्पर्ध्यानं सर्व्हिस कुणाला लक्ष्य करून मारायची? कुणावरही मारा, मागे घेणारा तयारच. आणि मिकिएलेत्तो डावखुरा आहे. डावखुऱ्याला उजवीकडून मारणं सोपं जातं, कारण सेटरकडून येणारा चेंडू त्याला अंगावरून पलीकडे जाऊ द्यावा लागत नाही, थेट मारत्या हातासमोर येतो. हा तर डावीकडूनही तितकाच मारतो. त्यामुळे समोरच्या ब्लॉकला शेवटपर्यंत कळायचं नाही की कोण कुठून येतंय.

याचा तोटाही होता. पास बिघडला, चेंडू उंच आणि नेटपासून लांब आला की तो फोडायला लागतो निव्वळ ताकदीचा माणूस. तो नव्हता. अशा चेंडूंवर ताकद कमी पडायची आणि झाक्सासारख्या टीमनं नेमकं तिथंच धरलं. तरी पुढच्या वर्षी हीच रचना ठेवून लीग जिंकली. काझीस्की तेव्हा ३८ वर्षांचा होता. पहिल्या स्कुदेत्तोला तेवीस, पाचव्याला अडतीस, आणि मधले तिन्हीही त्याच्याच नावावर. ती लीग जिंकून तो मिलानोला गेला. मला विचाराल तर क्लबच्या इतिहासातला सर्वांत मोठा माणूस तोच.

---

कोरमंगला_रहिवासी

लोरेन्झेत्तीचं नाव निघालं म्हणून लिहितोय. डिसेंबर २०२३ मध्ये क्लबांची जागतिक स्पर्धा बेंगळुरूत झाली, माझ्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर, कोरमंगला इनडोअर स्टेडियममध्ये. यजमान म्हणून आपले अहमदाबाद डिफेंडर्स खेळले. पेरूजानं फायनलमध्ये ब्राझीलच्या मिनासला ३-० हरवलं. पेरूजाचा कोच लोरेन्झेत्ती, नुकताच त्रेंतोहून आलेला, आणि सेटर जान्नेल्ली. म्हणजे त्रेंतोची माणसं मी इथे प्रत्यक्ष बघितली, फक्त शर्ट दुसरा होता.

जान्नेल्लीचं एक लक्षात राहिलं. पास वाईट आला, चेंडू तीन मीटरच्या रेषेबाहेर गेला, की आपले बहुतेक सेटर पळत जाऊन उंच बॉल देतात आणि मोकळे होतात. हा तिथूनही मधल्या खेळाडूला चपळ बॉल द्यायचा. माझ्या मागे केरळहून आलेली मुलं होती, ती दर वेळी उभी राहायची. व्हॉलीबॉल कळणारं पब्लिक होतं ते.

लोरेन्झेत्तीची एक गोष्ट धाग्यात यायला हवी. २००९ मध्ये त्रेंतोनं युरोप जिंकलं, पण लीग फायनलमध्ये पाचव्या सामन्यात पियाचेन्झानं हरवलं. पियाचेन्झाचा कोच लोरेन्झेत्ती होता. मग मोदेनाबरोबर २०१६, त्रेंतोबरोबर २०२३, पेरूजाबरोबर २०२४. चार वेगळ्या क्लबांना लीग जिंकून देणारा माणूस.

---

जाळीपलीकडे

@कोरमंगला_रहिवासी, तुमचा हेवा वाटतो. मला तेव्हा रजा मिळाली नाही, याची खंत अजून आहे.

आणि हो, लोरेन्झेत्ती गेल्यावर फाबियो सोली आला. त्याच्या पहिल्या हंगामात लीगच्या उपांत्य फेरीत मोन्झानं बाहेर काढलं होतं. त्यानंतर काही दिवसांत अंताल्याची फायनल. लीग हातची गेलेली टीम युरोपची फायनल तीन सेटमध्ये जिंकते, हे मी दुसऱ्या दिवशी ऑफिसला निघण्यापूर्वी पुन्हा पूर्ण बघितलं.

---

पिंपळपार

दोहाच्या पहिल्या स्पर्धेबद्दल कुणी लिहिलं नाही. १९९२ नंतर बंद पडलेली ही स्पर्धा २००९ मध्ये पुन्हा सुरू झाली तेव्हा एक प्रायोगिक नियम होता, 'गोल्डन फॉर्म्युला'. सर्व्हिस घेतल्यावर पहिला हल्ला मागच्या रांगेतल्या खेळाडूनंच करायचा, तीन मीटरच्या रेषेमागून उडी घेऊन. रॅली लांबावी हा हेतू. मधल्या खेळाडूचे झटपट बॉल पहिल्या हल्ल्यात बादच. नियम पुढे टिकला नाही, पण मागून मारणारे काझीस्की आणि हुआंतोरेना ज्यांच्याकडे होते त्यांना तो मानवला. फायनलमध्ये पोलंडच्या बेल्हातूफला ३-०.

तरी मला २०१८ चं विजेतेपद जास्त आवडतं. पोलंडमध्ये, चेन्स्तोहोवात, फायनलला समोर लुबेचा तारांकित संघ, त्यात हुआंतोरेनाही. त्रेंतोनं ३-१ घेतला. अमेरिकन एरन रसेल स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू. मागे फ्रान्सचा लिबेरो ग्रेबेनिकोव्ह काय काय उचलत होता! क्लबचं ते पाचवं आणि आजवरचं शेवटचं जागतिक विजेतेपद. ब्राझीलच्या सादा क्रुझेरोनं डिसेंबर २०२४ मध्ये पाचाची बरोबरी केली आणि तीही फायनलमध्ये त्रेंतोलाच हरवून. २०१२ च्या दोहातल्या फायनलची परतफेडच म्हणायची.

---

मास्तर_पीटी

मी तालुक्याच्या ठिकाणी शाळेत खेळ शिकवतो. एकवीस वर्षं झाली. धागा दोनदा वाचला.

आमच्याकडे मैदान मुरुमाचं, नेट दोन लोखंडी पाइपांना बांधलेली. पोरं संध्याकाळी येतात, काहीजण शेतावरची कामं उरकून. अडचण चेंडूची नाही, मैदानाचीही नाही. पोरगं सोळाचं झालं, अंगात उंची आली, हात बसला, की ते जातं. पुण्याच्या अकादमीत, नाहीतर पोलीस भरतीच्या तयारीला. जायलाच पाहिजे त्यानं, मीच चिठ्ठी लिहून देतो. पण दर दोन-तीन वर्षांनी टीम रिकामी होते आणि जूनमध्ये पुन्हा सातवीच्या पोरांना अंडरहँड कशी घ्यायची तिथून सुरुवात. म्हणून ते "रिकामं घर" वाचताना थांबलो.

एक विचारायचं होतं. जान्नेल्लीला अठराव्या वर्षी लिफ्टर केलं, त्याआधी क्लब त्याला काय देत होता? एकदम तर टाकलं नसेल.

---

जाळीपलीकडे

मास्तर, नमस्कार. तुमच्यासारख्यांनीच मला शिकवलं.

एकदम नाही टाकलं. तो क्लबच्या वयोगटांच्या संघांतून येतच होता आणि मोठ्या संघाबरोबर सराव करत होता. इटलीच्या लीगमध्ये आणखी एक नियम उपयोगी पडतो. मैदानावर कायम किमान तीन इटालियन खेळाडू लागतात. त्यामुळे कुठल्याही श्रीमंत क्लबला सहाही जागा परदेशी पैशानं भरता येत नाहीत, घरची पोरं तयार ठेवावीच लागतात. त्रेंतोनं ती गरज म्हणून नाही, मनापासून केली, एवढाच फरक. निकाल बघा. २०२२ मध्ये इटली विश्वविजेती झाली तेव्हा कर्णधार आणि स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू जान्नेल्ली. २०२५ मध्ये फिलिपिन्समध्ये पुन्हा इटली विश्वविजेती, यावेळी सर्वोत्तम खेळाडू मिकिएलेत्तो. लागोपाठ दोन विश्वचषकांचे दोन सर्वोत्तम खेळाडू, दोघंही एकाच हॉलमध्ये घडलेले.

---

आल्प्सकर

मास्तर, मी एक बघितलंय ते सांगतो. तिथे लहान मुलांच्या सरावाला आठवडेच्या आठवडे स्मॅश नसतोच. भिंतीवर चेंडू, जोडीनं चेंडू, गुडघे वाकवून घेणं. उंच पोरांनाही तेच. सगळ्यांना सगळं यायला हवं, जागा नंतर ठरते. मिकिएलेत्तो दोन मीटर अकरा सेंटीमीटर उंच आहे. इतक्या उंचीचं पोरगं दुसरीकडे कुठे असतं तर बहुधा थेट नेटजवळ ब्लॉकला उभं केलं असतं. याला सर्व्हिस घ्यायला शिकवलं.

---

मास्तर_पीटी

हे मला लागलं. खरं सांगतो, माझ्याकडे नववीत एक डावखुरा पोरगा आहे, वर्गात सर्वांत उंच. डावखुरा म्हणून दोन वर्षं मी त्याला दोन नंबरला उजवीकडे उभा करतोय आणि सर्व्हिस आली की सांगतो, तू बाजूला हो, दुसऱ्याला घेऊ दे. त्याला घेता येत नाही म्हणून नाही. मी कधी शिकवलंच नाही.

उद्या सकाळी साडेसहाला सराव आहे. त्याला चार नंबरला आणतो आणि पन्नास सर्व्हिस एकट्याला घ्यायला लावतो. दुपारी मोबाइलवर त्या मिकिएलेत्तोचा सामनाही दाखवतो. कुठला दाखवू?

---

जाळीपलीकडे

अंताल्याची फायनल दाखवा, २०२४ ची. पहिल्या सेटपासून. चेंडू सोडून फक्त त्याचे पाय बघायला सांगा, सर्व्हिस पलीकडे फेकली जाते तेव्हापासून. आणि पन्नासातल्या किती नेटजवळ नीट आल्या ते इथे कळवा.